शालनबाईंची वाळूची ताटं

शालनबाईंच्या मुलीचा, मनीषाचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याच्या घरी पेपर वाचत बसलो होतो. “सर, आई गेली,” एवढंच ती म्हणाली आणि दहाव्याचा दिवस सांगून तिने फोन ठेवला. दहाव्याला वाईच्या घाटावर गेलो. विधी आटोपल्यावर मंडळी पायऱ्यांवर बसली. आमच्या जुन्या शाळेतल्या एका मुलाची आई म्हणाली, “बाई मायाळू लय. पण पोरांस्नी लिवायला शिकवणं काय जमलं न्हाई त्यास्नी.” मनीषा माझ्याकडे वळली. “सर, तुमी हेडमास्तर होता. आईला खरंच शिकवता येत नव्हतं का?” सगळे माझ्याकडे बघत होते. मी चष्मा पुसत राहिलो... मग एसटीची वेळ झाली म्हणून उठलो. त्याला सहा आठवडे झाले. तेव्हा दिलं नाही ते उत्तर आता लिहून देतो.

शालनबाई मेढ्याजवळच्या आमच्या शाळेत बालवाडी सांभाळायच्या. इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या, आमचा पट घसरला, तेव्हा बालवाडीत इंग्रजी लिहायला शिकवू अशी घोषणा मीच केली. शिकवायचं मात्र बाईंना होतं, तेही चार वर्षांच्या पोरांना. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची ताटं मिळवली, वेण्णा नदीची वाळू पिठाच्या चाळणीने चाळून त्यांत भरली. प्रत्येक ताटाच्या दोन्ही कडांवर खिळ्याने एकेक खूण कोरली आणि त्या खुणांमधून काडीने आडवी रेघ ओढली. ही रेघ म्हणजे ओटा. a ओट्यावर मांडी घालून बसलेला, h माळ्याला हात लावणारा, g ओट्यावरून पाय खाली सोडलेला. पोरं वाळूत बोटाने g काढताना स्वतःचे पाय हलवायची. कॅपिटल आधी का नाही, असं मी एकदा विचारलं. “पुस्तकात सगळी बारकीच असत्यात की, सर. थोरली लागत्यात कवातरी.” आणि पेन्सिल? “दिवाळी होऊ द्या. बोटात जोर तर येऊ द्या.”

पालकांना धीर नव्हता. “इंग्रजी शाळेची पोरं वह्याच्या वह्या भरत्यात. आमची मातीतच खेळायची असली तर घरीच ठेवतो की,” असं मला ऐकवून जायचे. दिवाळीआधीच संस्थेच्या अध्यक्षांनी भेटीला येत असल्याचं कळवलं. वर्गात नवी फरशी बसवली होती आणि तिच्यावर जिकडेतिकडे वाळू. मला लाज वाटली. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर सगळी ताटं मी माझ्या ऑफिसच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. हे मी केलं. आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अध्यक्षांसमोरच विचारलं, “सर, माझी ताटं कुठं हायेत?”

“आज वहीवरच घ्या, बाई,” मी म्हणालो.

पोरांपुढे चार रेघांच्या वह्या आणि पेन्सिली आल्या. कुणी रडायला लागलं. एका मुलीने पेन्सिल बाजूला ठेवली आणि कोऱ्या पानावर बोट फिरवलं. अध्यक्ष हसले, “काय हो सर, शाई दिसत न्हाई ती? इंग्रजीची येगळी असती व्हय?” सगळे हसले. मीही हसलो. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्या मुलीजवळ जाऊन बसल्या. मुलांना एकही अक्षर लिहिता येत नाही, असा शेरा अध्यक्षांनी लिहिला. खाली सही माझी. महिनाअखेरीला बाईंना कामावरून थांबवलं.

त्यानंतर आठवडाभराने मी ताटं रिकामी करायला व्हरांड्यात काढली. पोरं धावत आली, ताटांपुढे बसली आणि कुणी न सांगता लिहू लागली. a पासून p पर्यंत. बाईंचं तिथवरच शिकवून झालं होतं. p चा पाय रेघेखाली अगदी बरोबर सोडलेला. बघणारा मी एकटा होतो. ऑफिसात फोन होता, अध्यक्षांना बोलावता आलं असतं... पण मग ताटं त्या दिवशी कुठे होती, हेही सांगावं लागलं असतं. मी पोरांना उठवलं आणि वाळू आवारातल्या झाडाच्या बुंध्याशी ओतली.

बाई पुढे शिरवळच्या कंपनीत पॅकिंगला जाऊ लागल्या. बरीच वर्षं त्या तिथेच होत्या. एकदा सातारा स्टँडवर भेटल्या. “पी च्या फुडची शिकवली का हो कुणी, सर?”

“शिकवली की.”

“कशात?”

“वहीत.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि गाडीकडे गेल्या.

तर मनीषा, तुझ्या आईला शिकवता येत होतं. मी ते डोळ्यांनी पाहिलं आणि दडवलं. तिची माफी मागायला मला भरपूर वर्षं मिळाली होती. घाटावर तू विचारलंस तेव्हाही मी बसचं निमित्त काढलं.

निवृत्तीच्या वेळी सामानात एक ताट माझ्या घरी आलं. आमच्याकडे त्यात कांदे-लसूण असतात. काल ते रिकामं करून घासलं. कडेवरच्या दोन्ही खुणा अजून बोटाला लागतात. ते घेऊन मी वाईला येणार आहे. तू दार उघडशीलच असं नाही.