लुगडं बुडू देईना

माझं माहेर प्रवरेकाठचं. पाठीला वाळका भोपळा बांधून पोरांना पाण्यात ढकलायचं, ही आमच्याकडची रीत, त्यामुळे पोहणं मला लहानपणापासूनच येत होतं. सासर मात्र तिसगावच्या बाजूला, कोरड्या मुलखात. तिथं बाईनं विहिरीवर जायचं ते पाणी शेंदायला. आत उतरली तर जीव द्यायलाच, असं लोक धरून चालायचे. मला त्याचा मनस्वी राग यायचा.

सत्तरनंतरच्या कोरड्या सालांतली गोष्ट. आमच्या वस्तीवरच्या विहिरीला तेवढं पाणी होतं आणि त्यावर मी कांदा लावला होता. वाफे मीच बांधले, रोपही मीच लावलं. मामंजी पंपाच्या पाइपाच्या बुडाशी असणारी लोखंडी झडप, म्हणजे फूटव्हॉल, काढून त्यातलं चामडं बदलत होते, तो हातातून निसटला आणि तळाला गेला. त्याच्याशिवाय इंजिन पाणी उचलेना. दुकानात नवा मिळेना. बुड्या मारणारा गावातला एकच माणूस, तो ऊसतोडीला गेलेला. माझा नवरा साखर कारखान्यावर हंगामी कामाला. इकडे कांद्याची पात पिवळी पडत चालली होती.

"मी काडते," मी म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, "लुगड्यासकट उतरनार आसशील तर उतर."

काष्टा घट्ट खोचून मी उडी टाकली. नऊवारीत हवा भरली आणि मी त्या माहेरच्या भोपळ्यासारखी वर तरंगत राहिले. कितीही हातपाय मारले तरी जागची हलेना. मग मोठा दगड उराशी धरून पुन्हा गेले. दगडानं झपकन खाली नेलं, पण तळाशी लुगडं सुटलं, तोंडावर आलं, पायांत गुंतलं. दगड सोडून दिला तरी वर येताना दम संपत आला. तेव्हा मात्र मी भ्याले. पायरीवर बसून धापा टाकत ओरडले, "ह्ये लुगडं वर बुडू देत न्हाई अन् खाली गेल्यावर वर यिऊ देत न्हाई!"

सासूबाई घरात गेल्या आणि नवऱ्याची चड्डी-बंडी घेऊन आल्या. मामंजींना म्हणाल्या, "तुमी तिकडं तोंड करा. हाक मारली की दोर वढायचा. वळून बगायचं न्हाई."

बंडी सैल होती, ती मी सुतळीनं आवळली. दगड उराशी, दोराचं टोक हातात. वरचं पाणी दगडाशी झगडत होतं. खाली गेल्यावर कान ठणकले, छाती आवळली, आणि अंग आपसूक जड झालं. आता पाणी मला वर ढकलत नव्हतं. चिखलात चाचपडताना हाताला गार लोखंड लागलं. गाठ मारली, दगड सोडला आणि तळाला पाय रेटून वर आले.

मामंजींनी विहिरीकडे पाठ करूनच दोर ओढला. संध्याकाळी पाणी माझ्या वाफ्यांत शिरलं. मी बांधावर बसून खुशाल रडले.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ती चड्डी-बंडी धुतली आणि मुद्दाम रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घातली. जाता जाता शेजारीण थांबली. "ल्योक आला व्हय कारखान्यावरनं?"

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "सुनंची कापडं हायेत."