कॉम्प्युटरला घातलेला हार

दसऱ्याला बायकोने माझ्या जुन्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मी तो सुरू केला, तर पडद्यावर सूचना आली: या मशीनला यापुढे कंपनीकडून अपडेट मिळणार नाहीत.

"म्हणजे गेला का हो हा?"

"छे गं, चांगला चालतोय."

आतला पंखा घरघरत होता, टाइप केलेली अक्षरं नीट उमटत होती. बनवणाऱ्यांनी हात झटकायचे कधी? वस्तू थकल्यावर, की नवी विकायची झाल्यावर? आपलीही तारीख कुणीतरी लांब बसून अशीच ठरवून टाकली असेल, आणि आपण रोज उठून मुकाट्याने दात घासत असू.

बायको बराच वेळ उजळलेल्या पडद्याकडे बघत राहिली. मग पुढे होऊन तिने हार उतरवला.

"नको. फोटोला घातल्यासारखा दिसतोय."