एअर फ्रायरमधली सांबारवडी

मैत्रिणींनो, मुलाने पुण्याहून एअर फ्रायर पाठवलाय. "वापरून पाहा, नाही पटला तर परत करू," म्हणाला. म्हणून आज दुपारी त्यात सांबारवडी केली. सांबार म्हणजे आमच्या पुसदची कोथिंबीर!

खोटं कशाला बोलू, वडी मस्त कुरकुरीत झाली. तेलाचा थेंब नाही, घाम नाही.

ताटली घेऊन बसले आणि उगाच दाराकडे पाहत राहिले. एरवी मी कढई चढवली की शेजारच्या शोभाताई भिंतीपलीकडून विचारणारच, "काय तळून राह्यली वं बाई?" मग त्या येतात, वडी खातात, चहा होतो, गप्पांत दिवे लागायची वेळ होते. हे गेल्यापासून घरी येणाऱ्या त्या एकट्याच.

आज हाक आलीच नाही. मीच बोलवायला हवं होतं, पण "या" म्हणायची मला सवयच नाही. ते काम आजवर वासच करायचा.

आत्ता मुलाचा फोन आला. "आई, घरभर वास तं नाही ना आला?"

"नाही रे, कोणीच नाही आलं," माझ्या तोंडून निघून गेलं.

सांगा, ठेवू का परत पाठवू?