पुतण्याहून धाकटा काका

आयुष्यभर इतरांचे लेखन वाचत आलो. उतारवयात स्वतः लेखणी उचलण्याचे धाडस करतो आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. विषयही घरगुतीच आहे. पण जे तोंडाने बोलता आले नाही, ते कागदावर तरी मांडता येते का, हे पाहायचे आहे.

कुरखेड्याकडच्या आमच्या गावात आई आणि थोरली वहिनी एकाच पावसाळ्यात बाळंत झाल्या. पुतण्या आधी जन्मला, मी नंतर. सणासुदीला माझ्या पाया पडताना तो हळूच चिमटा काढी आणि बायका हसत, "पाहा व बाई, लहान्याच्या पाया मोठा पडते!" पंगतीत मला वडीलधाऱ्यांबरोबर बसवत, माझे लक्ष मात्र पोरांच्या ओळीकडे असे. वडील लवकर गेले. पुतण्याचे वडील, म्हणजे माझे थोरले भाऊ, त्यांनीच मला वाढवले, शिकवले.

मी आता चंद्रपूरला राहतो; गेल्या चैत्रात तिथे पुतण्याचा फोन आला. शिवारात वाघ फिरत होता आणि सत्तरी ओलांडलेले भाऊ पहाटे एकटेच मोहफुले वेचायला जात होते.

"बाबा ऐकूनच नाई राह्यले. तू त्याइचा भाऊ, तू सांग."

मी गेलो. मी तोंड उघडण्याआधीच भाऊंनी मला काम सांगितले. "तू त्याच्या बरोबरीचा. समजाव त्याले. म्हणा, बापाले खाटेवर बसवून मारू नको."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी त्यांच्याबरोबर निघालो. वाकलेल्या माणसावर वाघ झेप घेतो, हे आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असते. दोन-चार फुले उचलली की मी ताठ उभा राहून मागे पाहत होतो. भाऊ एकदाही वळले नाहीत.

"झाडाखाली आलो नाई, तं दिस उगवला असं वाटतच नाई मले," म्हणाले.

तेवढ्यात हॉर्न वाजवत पुतण्याची मोटारसायकल आली. "काका, एक म्हातारा कमी होता काय, तं तूबी आला?"

"घेऊन जाय या पोट्ट्याले," भाऊ न वळता म्हणाले. "भेऊन राह्यला."

घरी येऊन त्यांनी टोपली उतरवली. "माह्यं अन् याचं काई जमत नाई. आता तूच सांग. तू नको म्हणशील, तं पुढच्या चैतात नाई जाणार."

पुतण्याही माझ्याकडे पाहू लागला. मी घसा साफ केला, चहा मागितला आणि दुपारच्या एसटीने परतलो.

तेव्हापासून चैन नाही. "जाऊ नका" म्हणायला फोन उचलतो आणि खाटेवर बसलेले भाऊ डोळ्यांपुढे येतात. "जा" म्हणावे, तर पुतण्याचा त्या सकाळचा चेहरा आठवतो. थट्टा करताना त्याचे ओठ थरथरत होते, हे वर सांगायचे राहिले. आता माघ सरतो आहे, मोहाची पाने गळू लागली आहेत, आणि दोघेही फोनवर केवळ हवापाण्याचे बोलतात.

तुम्ही माझ्या जागी असता, तर भाऊंना काय सांगितले असते?