गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे

माझं माहेर कडेगावजवळचं. वडील, म्हणजे आमचे आबा, फौजेतून पेन्शनवर आले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते गोठ्यावरचं उसाचं पाचट काढून सिमेंटचे पत्रे घालण्याचं. हे पत्रे गंजत नाहीत, लोखंडी पत्र्यासारखे तापत नाहीत, याचं त्यांना फार कौतुक. लांबीला जास्त भरलेले पत्रे त्यांनी स्वतः अंगणात करवतीनं कापले. पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या त्यांच्या मिशा पुडीनं पांढऱ्या झाल्या होत्या. आईनं ती पूड झाडून उकिरड्यावर टाकली. उरलेले तुकडे आम्ही भावंडं चुलीत टाकायचो, फटाक्यासारखे फुटायचे म्हणून.

शेवटची दोन वर्षं वडिलांना धाप लागायची. सांगलीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, "हे कुठल्या कारखान्यात होते का? धुळीचं काम?" मी नाही म्हटलं. फौज आणि शेती, एवढंच सांगितलं. त्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची पूड छातीत गेली की तिथंच राहते, हे मला फार उशिरा कळलं. त्यांची धाप त्यामुळंच होती असं मी म्हणत नाही. तेवढ्या कापाकापीनं तसं होतं की नाही, मला ठाऊक नाही. पण तेव्हा गोठा माझ्या डोक्यातही आला नाही, याची चीड अजून जात नाही.

गेल्या उन्हाळ्यात दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, गोठा पाडून स्लॅबची खोली काढायचं ठरवलं. मी आष्ट्याहून, माझ्या सासरहून फोन करून बजावलं की पत्रे फोडू नका, पाणी मारून अख्खे उतरवा, मास्क लावा. तो "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मास्क घेऊन पोचले तर निम्मे पत्रे खाली आले होते. गडी वर उभा राहून गंजलेले हूक हातोड्यानं तोडत होता आणि पत्रा पायानं खाली ढकलत होता. मी त्याच्याकडं मास्क दिला. त्यानं तो दहा मिनिटं लावला आणि हनुवटीवर ओढला.

"ताई, लय उकडतंय. दम लागतोय ह्यात."

मी पाइप ओढून पत्र्यांवर पाणी मारायला लागले, तर दादा तडकला. "चिखल करून ठेवलास सगळा. आगं, आपन त्याच्याच खाली ल्हानाचं मोठं झालो. काय झालंय आपल्याला?"

"आबांना काय झालं होतं?" मी विचारलं.

"आबांचं वय झालं हुतं," एवढं बोलून तो आत गेला.

तुकडे टाकायचे कुठं, हे विचारायला ग्रामपंचायतीत गेले. त्यांनी तालुक्याला पाठवलं. तालुक्यानं सांगलीच्या प्रदूषण कार्यालयाचा एक नंबर दिला. तिथल्या माणसानं विचारलं, "कारखाना आहे का तुमचा?"

"गोठा आहे."

"मग ते आमच्याकडं येत नाही."

परत आले तोवर अख्खे राहिलेले पत्रे शेजारच्या काकांनी उचलून नेले होते, शेळ्यांच्या छपरासाठी. त्यांना समजावायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खरं असंल पोरी तुजं. पन पावसात शेळ्या कुटं बांदू? तू दुसरं पत्रं देतीस का?"

कापू नका, भोकं पाडू नका, एवढंच सांगून आले. व्हय म्हणाले. संध्याकाळी त्यांच्या अंगणातून करवतीचा आवाज येत होता.

तुकडे मी आणि वहिनीनं भिजवून खताच्या पोत्यांत भरले, पोत्यांची तोंडं शिवली आणि परसात ताडपत्रीखाली ठेवली. दिवाळीला गेले तेव्हा पोती कमी वाटली. दादाला विचारलं.

"गल्लीत खड्डा पडला हुता, त्यात दोन पोती टाकली. वर मुरूम टाकलाय की," तो म्हणाला. "पोरं पडत हुती सायकलवरनं."

मी वहिनीकडून दाभण आणि सुतळी घेतली आणि उरलेल्या पोत्यांना दुसरी शिवण घालत बसले. ती पोती अजून परसातच आहेत. दर महिन्याला सांगलीचा तो नंबर लावते. आता कोणी उचलत नाही.