माणसांसकट मोजमाप

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मेहरूण भागातल्या आमच्या घरात इंटरनेटचा नवा डबा कुठे लावायचा, हे ठरवायला ती आली होती. आईची पुण्याची नात व्हिडिओ कॉलवर सारखी थिजायची, म्हणून तिचा तगादा होता.

तिपाईवर सिग्नल मोजायचा मीटर लावून ती खोल्याखोल्यांतून सावकाश फिरत होती. भिंत आली की बोटांनी टकटक करायची, आकडा चढला की स्वतःशीच हसायची. पण घरात पाहुणी आली म्हटल्यावर काका, काकू, शेजारच्या अक्का, सगळे तिच्याभोवती गोळा झाले. आकडा धपकन खाली आला.

"या लहरी फार नाजूक असतात, मावशी. माणूस आडवा आला तरी अडतात," ती आईला म्हणाली.

आईने लगेच सगळ्यांना गच्चीवर पिटाळलं. मी जिन्यातून डोकावत होतो. रिकाम्या घरात आकडा झकास चढला, पण या वेळी ती हसली नाही. मग वर तोंड करून ओरडली, "बठ्ठा जण खाले या! रिकामं घर मोजीसन काय करू?"

"अगं, ही तर आपल्या धुळ्याकडची!" तिची बोली ऐकून आई हरखली.

तिने आम्हाला जेवायला बसतो तसं दाटीवाटीने बसवलं आणि आमच्यामधून वाट काढत पुन्हा सगळं मोजलं. डबा शेवटी दाराच्या चौकटीवर, आमच्या डोक्यांच्याही वर लागला.

नात आता थिजत नाही. तिला बघायला आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर रेलून उभे असतो, तरीही.