ओल्या दुपट्ट्यातली पुडी

अकोल्याहून अकोटला जाणाऱ्या एसटीत एक शेतकरी माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेली पुडी. खिडकीतून ऊन आत आलं की तो पुडीवर तळहात आडवा धरायचा.

"जिवाणू हायेत. हरभऱ्याच्या बियाण्याले लावाचे, मंग मर रोग लागत नाही," तो म्हणाला. "पण जित्ते पाह्यजेत. उन्हानं मरून जातात."

गेल्या वर्षीची पुडी त्यानं गावातल्या कृषी केंद्रातून घेतली होती. उन्हाळाभर टिनाखाली तापलेली. हरभरा उभाच वाळला.

"दुकानदार म्हणे, तुमची मातीच खराब हाय. मेलेलं इकलं त्यानं, अन् नावं मातीले ठेवली!"

मी खिडकीबाहेर पाहिलं. माझंही कृषी केंद्रच आहे, टिनाच्या छपराचं. मातीचं ते वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता मलाही ते खरं वाटतं.

उतरताना त्यानं विचारलं, "तुमी काय करता, भाऊ?"

"मास्तर आहे," मी म्हणालो.

त्यानं पुडीसकट हात जोडले. "मंग पोराईले खरं शिकवा, गुरुजी."